बर्ड वापरून वर्ष झालं, आता राउटरसाठी रात्री उठावं लागत नाही

बर्ड म्हणजे साध्या सर्व्हरला राउटरचं काम करायला लावणारं सॉफ्टवेअर. आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

आमची छोटी आयएसपी आहे, सांगली-मिरज आणि आजूबाजूची गावं, आधी केबलचा धंदा होता त्यातनंच ही निघाली. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख), आयपीव्ही४ चा एक /२३ (५१२ पत्त्यांचा गट), दोन अपस्ट्रीम (ज्यांच्याकडनं आम्ही इंटरनेट घेतो ते) आणि दोघांकडनं फुल टेबल, म्हणजे जगातल्या सगळ्या नेटवर्कपर्यंतच्या रस्त्यांची, रूटची, अख्खी यादी. ते टेबल घ्यायला एक सेकंडहँड राउटर आणला होता, कंपनीचं नाव घेत नाही, डेटाशीटवर फुल बीजीपी टेबल (बीजीपी म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) चालतं असं लिहिलेलं आणि ते खोटं पण नव्हतं, टेबल त्यात मावायचं. मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं हे कळलं गेल्या वर्षी, हायवेच्या कामावर जेसीबीनं एका अपस्ट्रीमची फायबर तोडली तेव्हा.

आता एक लाइन गेली तर दुसरी आहे ना, त्यासाठीच तर दोन घेतल्या. पण झालं असं की पहिलं सेशन, म्हणजे त्या अपस्ट्रीमच्या राउटरशी चाललेलं बीजीपीचं बोलणं, पडल्यावर दहा लाखाच्या आसपास रूट काढायचे आणि त्यांना दुसऱ्या अपस्ट्रीमचा रस्ता लावायचा, सीपीयू शंभर टक्के, आणि राउटर त्यातच एवढा गुंतला की दुसऱ्या अपस्ट्रीमला कीपअलाइव्ह (मी जिवंत आहे असं सांगणारे मेसेज) जाईनात, तिकडचा होल्ड टायमर (त्या मेसेजची वाट बघायची मुदत) संपला, त्यांनी सेशन तोडलं. म्हणजे धडधाकट लाइनपण गेली. मग ते सेशन परत जोडलं, परत दहा लाख रूट यायला लागले, परत सीपीयू शंभर, परत पडलं. पाऊण तास हाच खेळ. मालक, म्हणजे आमचे दादा, फोनवर, "अरे दुसरी लाइन हाय की आपली, मग?" आणि मी कन्सोलवर कमांड टाइप करून अक्षरं उमटायची वाट बघत बसलेलो.

बहुतेक लोक अशा वेळी म्हणतात टेबल मोठं झालं, राउटर बदला. टेबल मोठं झालंय हे खरंय. १२ ऑगस्ट २०१४ ला आयपीव्ही४ चं टेबल ५ लाख १२ हजारांच्या वर गेलं, अमेरिकेतल्या एका मोठ्या नेटवर्कनं चुकून साधारण १५ हजार जादा प्रीफिक्स (पत्त्यांचे गट, टेबलातली एकेक नोंद) सोडले एवढंच निमित्त, आणि जगभरातले तेवढीच जागा असलेले जुने राउटर आडवे झाले. आता आकडा त्याच्या जवळपास दुप्पट आहे. पण तो जागेचा प्रश्न होता. माझ्या राउटरची जागा भरलीच नव्हती, त्याचा जीव गेला अपडेटमध्ये, म्हणजे रस्ते बदलल्याच्या बातम्या पचवण्यात.

एपनिकचे (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणारी संस्था) जेफ ह्यूस्टन हे सगळं वर्षानुवर्षं मोजतायत आणि त्यांचं एक निरीक्षण वाचून मी आधी चक्रावलोच. टेबल जेवढं फुगलं त्या प्रमाणात आयपीव्ही४ चे रोजचे अपडेट कित्येक वर्षं वाढलेच नाहीत, आणि जो गोंधळ असतो त्यातला मोठा वाटा थोड्याच प्रीफिक्सचा. कारण पण साधंय, इंटरनेट पसरलं पण लांबलं नाही, एका नेटवर्कपासनं दुसऱ्यापर्यंत मधे सरासरी तेवढेच टप्पे राहिले, त्यामुळं एक रूट गेला की राउटर जे एकामागनं एक लांबचे रस्ते चाचपत बसतात ते चाचपणं पण तेवढंच राहिलं. मग राउटर का मरतात? तर रोजची रिपरिप तेवढीच आहे हो, पण सेशन पडलं की येतं ते अख्खं टेबल. ते २०१४ ला पाच लाख होतं, आता दहा. आम्हा सांगलीकरांना हे समजवायला नको, गावात पाऊस किती पडला याला कोण विचारतंय, कोयना धरणातनं किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं ते सांगा.

तर बर्ड. नाव पक्ष्याचं, पण लांब रूप आहे बर्ड इंटरनेट रूटिंग डीमन, म्हणजे नावातच परत नाव. प्रागच्या चार्ल्स युनिव्हर्सिटीतल्या पोरांचा प्रोजेक्ट होता, आता सीझेड डॉट निक सांभाळतं, जे चेकचं डॉट सीझेड डोमेन चालवतं. डीई-सिक्ससारख्या मोठ्या एक्स्चेंजचे (नेटवर्क एकमेकांना जोडायची जागा) रूट सर्व्हर यावर चालतात, म्हणजे शेकडो नेटवर्कचे अपडेट झेलायची याला सवय आहे. फुकट आहे. आम्ही एक जुना सर्व्हर घेतला, सोळा जीबी रॅम, दोन पोर्टचं दहा जीचं कार्ड टाकलं, डेबियन आणि बर्ड २. दोन फुल टेबल घेऊन अर्धी रॅम पण भरत नाही. नंतर परत एकदा फायबर तुटली (तुटणारच, रस्ता अजून चालूच आहे), दादांनी फोन करून विचारलं काय झालं का, मी म्हटलं होऊन गेलं. सगळे रूट दुसऱ्या लाइनवर गेले आणि दुसरं सेशन हललंसुद्धा नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शो प्रोटोकॉल्स ऑल ही कमांड. प्रत्येक सेशनखाली किती अपडेट आले, किती विड्रॉ (रूट मागे घेतल्याच्या बातम्या) आले, त्यातले किती फिल्टरनं (कुठला रूट घ्यायचा-सोडायचा याचे नियम) अडवले, किती दुर्लक्षित, आणि आपण बाहेर किती पाठवले, सगळे आकडे ओळीनं. पहिल्याच आठवड्यात बघतो तर एक्स्पोर्ट विड्रॉचा, म्हणजे आपण बाहेर पाठवलेल्या विड्रॉचा, आकडा वाढतोय. आमचा! आम्ही दोनच प्रीफिक्स सोडतो, विड्रॉ करायचं कारणच नाही. शोधलं तर जुन्या कॉन्फिगमधनं मीच उचलून आणलेली घाण, एका /२४ चा (आमच्या /२३ चा अर्धा भाग) रूट मिरजेकडच्या रेडिओ लिंकच्या इंटरफेसला बांधलेला, लिंक वाऱ्यानं हलली की रूट जायचा, आला की यायचा, आणि प्रत्येक वेळी ती बातमी जगभरातल्या राउटरना. म्हणजे मी ज्यांना शिव्या घालत होतो त्या थोड्या प्रीफिक्सवाल्यांत मी पण. स्टॅटिकमध्ये अख्खा /२३ ब्लॅकहोल करून टाकला, म्हणजे कुठल्याच लिंकला न बांधता कायमचा रूट लिहिला, आतले बारके रूट आतच राहू देत, बाहेर जायचं ते कायम जातंय. तेव्हापासनं आकडा हललेला नाही.

दुसरी सोय, कॉन्फिगर टाइमआउट. नवीन कॉन्फिग लावायचं आणि पाच मिनिटांत कन्फर्म केलं नाही तर बर्ड आपोआप जुन्यावर जातं. घरनं काम करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंय का कधी? मी घेतलंय, रात्री अडीचला गाडी काढून ऑफिस गाठलंय, त्यामुळं या एका कमांडला वेगळा स्टार. आणि इम्पोर्ट टेबल (समोरच्याकडनं आलेल्या रूटची फिल्टर लागण्याआधीची प्रत) ऑन करून ठेवा, थोडी रॅम जास्त खातं पण फिल्टर बदलला की समोरच्याकडं अख्खं टेबल परत मागावं लागत नाही.

आता तक्रारी. फिल्टर म्हणजे सरळ प्रोग्रॅमिंग आहे, इफ-देन, फंक्शन, सेमीकोलन विसरला की चालत नाही. राउटरच्या कमांडची सवय असलेल्याला पहिले पंधरा दिवस डोकं धरायला होतं. बाहेरच्या नेटवर्कबरोबरच्या सेशनला इम्पोर्ट-एक्स्पोर्ट पॉलिसी (कुठले रूट घ्यायचे, कुठले सोडायचे) लिहिली नाही तर कॉन्फिग घेतच नाही, मी वैतागलो होतो, नंतर पटलं, नाहीतर चुकून एका अपस्ट्रीमचं टेबल दुसऱ्याला सोडून मोकळा झालो असतो. व्हर्जन २ रूटिंगचं काम एकाच थ्रेडवर करतं, म्हणजे सर्व्हरला सोळा कोअर असले तरी पंधरा बघत बसतात. ३ मध्ये ते मल्टिथ्रेड केलंय, मी टेस्ट मशीनवर टाकलंय, लाइव्हला अजून धीर होत नाही. आणि बर्ड फक्त रस्ते ठरवतं, पॅकेट ढकलायचं काम लिनक्स कर्नलचं, त्यामुळं बारीक बारीक पॅकेटचा अटॅक आला तर सर्व्हरची दमछाक होते, तिथं हार्डवेअर राउटरच बरा. अर्धा स्टार खरं तर यासाठी गेला, जरी यात बर्डचा दोष नाही.

सपोर्टला मेलिंग लिस्ट आहे, मी एकदा विचारलं, उत्तर मिळालं आणि ते लिहिणाऱ्याला विषय कळत होता, जे मला पैसे भरून घेतलेल्या सपोर्टवर दरवेळी मिळालेलं नाही.

दादा खूश आहेत. अकाउंटंट नाही. मार्च एंडला त्यानं सर्व्हरचं बिल फाइलला लावलं आणि विचारलं, साहेब त्या पक्ष्याचं बिल कुठाय. फुकट आहे म्हटलं तर म्हणतो तसं लेटरहेडवर लिहून आणा.