जुन्या एमटीबीला नवा एअर फोर्क: काही महिने चालवल्यावर

माझ्या माउंटन बाइकचा (एमटीबी) १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) काढला आणि १०० मिमीचाच एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा, बसवला. ट्रॅव्हल एका मिलिमीटरनंही वाढवला नाही, तरी खडकाळ उतारावर सायकल ओळखू येत नाही. फोर्क निवडताना आपण सगळे ट्रॅव्हलच्या आकड्याकडे बघतो. माझ्या मते तो शेवटी बघायचा आकडा आहे.

जुना फोर्क खरंच गेलाय का, हे आधी तपासून घ्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं जोडांवर ठेवायची. खडखड हेडसेटच्या (फोर्क फ्रेममध्ये फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) खालच्या कपापाशी जाणवली तर हेडसेट आवळून काम भागतं. वरची नळी खालच्या नळीत हलत असेल तर दोन्हींमधलं बुशिंग, म्हणजे सरकतं अस्तर, झिजलंय. माझ्याकडे बुशिंगही गेलं होतं आणि नळ्यांवरचा क्रोमही उडाला होता, म्हणजे दुरुस्तीला अर्थ नव्हता.

आता खरी डोकेदुखी. तुम्हाला कोणता फोर्क आवडतो ते नंतर, फ्रेम कोणता घेऊ देते ते आधी. फोर्कची जी नळी फ्रेममधून हँडलपर्यंत जाते ती स्टिअरर. नव्या, चांगल्या फोर्कना तो बहुतेक टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होणारा असतो: वर सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे २८.६ मिमी, आणि खाली दीड इंच. जुन्या फ्रेमना वरपासून खालपर्यंत २८.६ मिमीचाच सरळ स्टिअरर लागतो. हेडट्यूब, म्हणजे स्टिअरर जिच्यातून जातो ती फ्रेमची पुढची नळी, आतून ४४ मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड बसवता येतो. ३४ मिमी असेल तर विषय संपला. माझी ३४ची. उलट बाजूनं अडचण नाही, टेपर्ड हेडट्यूबमध्ये योग्य क्राउन रेस (फोर्कवर बसणारी बेअरिंगची रिंग) लावून सरळ स्टिअरर चालतो. स्टिअररची लांबीही मोजा, विशेषतः वापरलेला फोर्क घेत असाल तर. कापलेली नळी वाढवता येत नाही.

मग चाक. माझा हब ९ मिमी क्विक रिलीजचा, रुंदी १०० मिमी. नवे फोर्क बहुतेक १५ मिमी थ्रू एक्सलचे (हबच्या आरपार जाणारा जाड आस), आणि त्यातही बूस्ट म्हटलं की रुंदी ११० मिमी. काही हबना टोकाच्या टोप्या बदलून १५ मिमी एक्सल चालतो, माझ्या हबला तशा मिळत नाहीत. या दोन अटी लावल्या की यादी एकदम आखडते. रॉकशॉक्सचे जुडी आणि रेकॉन, सनटूरचे एक्ससीआर एअर आणि रेडॉन यांच्या काही आवृत्त्या सरळ स्टिअररमध्ये निघाल्या आहेत, शोध तिथूनच सुरू करावा. मी यातला कोणता घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले फोर्क वागायला एकमेकांची भावंडं आहेत, आणि तुमच्या मापात जो मिळेल तोच तुमचा. ब्रेकचा माउंट मात्र नजरेतून सुटू देऊ नका: डिस्कचा पोस्ट माउंट, रोटर (ब्रेकची चकती) १६० मिमी की १८०, आणि रिम ब्रेक असेल तर त्याचे खुंट फोर्कवर आहेत की नाहीत.

ट्रॅव्हलबद्दल एवढंच. फोर्क २० मिमीनं उंच झाला की हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) साधारण एका अंशानं झोपतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा मधला अक्ष) थोडा वर येतो आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. १०० मिमीसाठी बांधलेल्या फ्रेमला १२० कदाचित सोसेल, १४० लावून हेडट्यूबच्या जोडावर ताण कशाला घ्यायचा? शिवाय ट्रॅव्हल सारखा असला तरी एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची) उंची वेगळी असू शकते. ती टेपनं मोजलेलीच बरी.

चालवताना सर्वात मोठा फरक पडला तो रिबाउंडमुळे. जुना फोर्क दबायचा आणि उसळून हात झटकायचा. एकामागून एक दगड आले की तिसऱ्याला चाक हवेतच असायचं. नव्यात परत उघडण्याचा वेग खालच्या नॉबनं ठरवता येतो. फार मंद ठेवला तर ओळीनं खड्डे आल्यावर फोर्क दबलेलाच राहतो आणि ट्रॅव्हल असून नसल्यासारखा होतो. फार वेगवान ठेवला तर पुन्हा जुनाच फोर्क. आणि हवा वाढवली की रिबाउंडही थोडा मंद करावा लागतो. हे कुणी सांगत नाही, हातालाच कळतं.

हवेचं म्हणाल तर फोर्कच्या पायावर छापलेला तक्ता ही फक्त सुरुवात. पेडलवर उभं राहून सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनानं फोर्क किती दबतो ते, बघायचा. मी १०० पैकी २० मिमीवर स्थिरावलो. शॉक पंप पुन्हा जोडला की काटा थोडा खाली दिसतो, तेव्हा घाबरू नका, तेवढी हवा पंपाच्या नळीत जाते. मोठ्या उडीला फोर्क तळाला टेकत होता, तेव्हा हवा न वाढवता आत एक टोकन (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाकलं. सॅग तोच राहिला, शेवटचा भाग तेवढा घट्ट झाला.

तक्रारी आहेत. बारीक खडीवर जुना स्प्रिंग अजूनही जास्त मऊ वाटायचा, कारण एअर फोर्कच्या सीलचं घर्षण सुरुवातीला हलू देत नाही. थोडं चालवल्यावर ते कमी झालं, गेलं नाही. लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) मी डांबरी चढ सोडून वापरतच नाही, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. वजन जवळपास अर्धा किलोनं उतरलं. सायकल उचलताना ते कळतं, चालवताना फारसं नाही.

देखभाल मात्र वाढली. रॉकशॉक्स आपल्या बऱ्याच फोर्कना ५० तासांनी खालच्या नळ्या उतरवून तेल बदलायला सांगते, इतर कंपन्यांचं वेळापत्रकही पुस्तिकेत असतं. काम घरी जमतं: हवा पूर्ण सोडायची, खालचे बोल्ट काही आटे सैल करून प्लॅस्टिकच्या हातोडीनं ठोकायचे, नळ्या ओढून काढायच्या, सील पुसायचे, फोमच्या रिंगा तेलात भिजवायच्या, पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच तेल ओतायचं. चिखलातून चालवल्यावर पहिल्यांदा उघडला तेव्हा आतलं तेल राखाडी झालं होतं. ज्यांना हे करायचं नाही, त्यांनी चांगल्या प्रतीचा स्प्रिंग फोर्क घ्यावा, फक्त रिबाउंडचा नॉब असलेला. आणि फ्रेमला टेपर्ड बसत असेल तर माझी यादी बाजूला ठेवून १५ मिमी एक्सलवालाच घ्या, त्यापायी पुढचा हब बदलावा लागला तरी.