लाव्वू की गोआह्ती?

उत्तर नॉर्वे-स्वीडनला निघालेल्या मैत्रिणीने विचारलं, "सामी लोकांच्या (तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या मूळनिवासींच्या) तंबूत एक रात्र राहायचंय, लाव्वू नि गोआह्ती या दोन प्रकारांतला कोणता निवडू?" जाहिरातींत दोन्ही सारखेच 'अस्सल' असतात, ते सोडून देऊ.

उभारणी: लाव्वू सोपा. वर बेचकं असलेले तीन खांब एकमेकांत अडकवायचे, बाकीचे सरळ खांब त्यांवर टेकवायचे, वरून कापड. मधला खांब नाही, ताणदोर नाहीत. रेनडिअरच्या कळपामागे फिरणाऱ्यांना हेच हवं. गोआह्तीला वाकवलेल्या खांबांच्या जोड्या लागतात, त्यामुळे वेळ जास्त.

वारा दोन्ही झेलतात. झाडं नसलेल्या पठारावर मात्र बुटका, रुंद लाव्वूच बरा. ऊब आणि जागेत गोआह्ती सरस. मॉस-मातीने लिंपलेली गोआह्ती तर घरच. ती हलवता येत नाही. मधोमध चूल, वर धुराचं भोक, खाली बर्चच्या फांद्या नि रेनडिअरची कातडी, हे दोन्हीकडे. डोळ्यांत धूर जाणारच!

या तंबूंचा इतिहास बघायचा तर खरी गंमत. उत्तर नॉर्वेतल्या अल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ साली सामी आंदोलकांनी ऑस्लोत संसदेसमोर लाव्वू ठोकला. पुढे नॉर्वेतल्याच कारासयोकच्या सामी संसदेचं सभागृहही त्याच आकाराचं झालं. स्वीडनमधल्या किरुना या खाणीच्या शहरातलं १९१२चं लाकडी चर्च गोआह्तीवरून सुचलेलं. खाणीमुळे जमीन खचू लागली म्हणून २०२५मध्ये ते अख्खंच्या अख्खं सुमारे ५ किलोमीटर हलवलं.

रोज मुक्काम बदलत भटकायचं असेल तर लाव्वू. लहान मुलं, थंडी आणि दोन-तीन रात्री असतील तर गोआह्ती.