आयपी संपले: मास्क बदलायचा की नेटवर्क विभागायचं?

सकाळी सगळे आले की "वायफाय लागतंय, पण नेट नाही" अशी ओरड सुरू होते. अडलेल्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे डीएचसीपीकडून (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) त्याला काहीच मिळालेलं नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा आणि कुठला यंत्राचा ते सांगणारा आकडा) बदलायला धावतात. त्याआधी डीएचसीपी उघडून बघा. वाटायच्या पत्त्यांची रेंज १०० ते २०० एवढीच ठेवलेली असते, किंवा लीज (पत्ता किती काळासाठी दिला ती मुदत) ८ दिवसांची असते आणि परवा येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोन अजून पत्ता अडवून बसलेला असतो. लीज दोन-चार तासांवर आणून भागत असेल, तर मास्कला हात लावू नका.

तरीही कमीच पडत असतील, तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट मास्क २५५.२५५.२५५.० वरून २५५.२५५.२५४.० करण्याची. २५४ ऐवजी ५१० पत्ते मिळतात, नवीन सामान लागत नाही. पण इथे एक खाच आहे. २५४ म्हणजे बायनरीत १११११११०. तिसऱ्या आकड्याचा शेवटचा बिट (बायनरीतला अंक) मोकळा सुटतो, म्हणून शेजारचे दोन तिसरे आकडे एका नेटवर्कात येतात आणि ही जोडी सम आकड्यापासूनच सुरू होते. तुमचं नेटवर्क १९२.१६८.१.० असेल तर त्याला ० जोडला जाईल, २ नाही. आणि १०-११ ची जोडी केली, तर १९२.१६८.१०.२५५ हा ब्रॉडकास्ट (एकाच वेळी सगळ्या यंत्रांना निरोप देण्याचा पत्ता) राहत नाही, तो कुठल्याही मशीनला देता येतो.

खरा त्रास हाताने पत्ते घातलेल्या यंत्रांचा. एका ऑफिसात मी डीएचसीपीवर मास्क बदलला आणि १० मधला प्रिंटर विसरलो. १० मधल्यांचं प्रिंट निघे, ११ मधल्यांचं नाही. प्रिंटरच्या जुन्या मास्कप्रमाणे ११ म्हणजे परकं नेटवर्क, त्यामुळे त्याचं उत्तर गेटवेकडे (बाहेरच्या नेटवर्कचा रस्ता, म्हणजे राउटर) जायचं आणि तिथेच अडकायचं. अर्धा दिवस मी केबल तपासत बसलो होतो. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन यांची यादी आधी हातात हवीच.

दुसरी वाट व्हीलॅनची, म्हणजे त्याच केबलींवर वेगवेगळी आभासी नेटवर्क करण्याची. स्टाफला २५४ पत्त्यांचा एक सबनेट (नेटवर्कचा तुकडा), पाहुणे आणि कॅमेऱ्यांना दुसरा. त्यासाठी मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येते असा) लागतो आणि व्हीलॅन समजणारा राउटर. वायफायचे ॲक्सेस पॉइंटही तसे हवेत. मेहनत जास्त, पण राउटरवर दोन्हींमधला रस्ता बंद ठेवला की पाहुण्याच्या फोनला अकाउंटचा पीसी दिसत नाही, ब्रॉडकास्टची गर्दी विभागली जाते, आणि बिघाड कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. फक्त आहे त्याच २५४ चे २५५.२५५.२५५.१२८ ने दोन भाग करू नका. प्रत्येकी १२६ उरतात, म्हणजे एकूण दोन पत्ते कमीच होतात.

माझं मत स्पष्ट आहे. बाहेरची माणसं तुमचं वायफाय वापरत असतील तर व्हीलॅनच करा, स्विचचा खर्च सोसून. एकाच संस्थेची लॅब असेल, सगळी मशीन आपलीच आणि स्विच साधे, तर ५१० चा सबनेट खुशाल करा.

दोन्हींत नवे पत्ते घालायचेच आहेत, तर १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ टाळा. घरचे राउटर बहुतेक त्यावरच असतात, आणि घरून व्हीपीएनने जोडणाऱ्याचा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. १०.२०.३०.० सारखं काही घ्या.