ऑक्सिमीटरच्या ऑर्डरीत माझे १,११,९०० रुपये गेले

सर्जिकल मालाच्या धंद्यात अठरा वर्षं काढली, तरी फसलो. हसायचं तर हसा.

एप्रिल २०२१. फोन आला, "सरकारी रुग्णालयाच्या भांडारातून बोलतोय. पाचशे ऑक्सिमीटर. तातडीची खरेदी, निविदा नाही, दरपत्रकावर काम." यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन तेव्हा अशी खरेदी खरंच चालू होती. नग १,१५० रुपये, ऑर्डर ५,७५,००० ची. व्हॉट्सॲपवर पुरवठा आदेश आला, जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी. अनामत ३ टक्के, १७,२५०. भरली. सुरक्षा ठेव १० टक्के, ५७,५००. भरली. नमुना तपासणीचे ८,४००. तेही भरले.

शिक्क्यात 'शल्यचिकीत्सक' होतं. नववीतली मुलगी खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बाबा, यातला कि ऱ्हस्व असतो ना?" मी खेकसलो, "तू तुझा अभ्यास कर." तो दीर्घ की मला अजून झोपू देत नाही.

आणि पैसे भरायला दिलेलं खातं? बचत खातं, एका माणसाच्या नावाचं! सरकारी अनामत डीडीने जाते नाहीतर पोर्टलवरून, हे मीच नव्या पोरांना शिकवलंय. पण घरात दोन पेशंट, दुकानासमोर रांग, डोकं ठिकाणावर कुणाचं होतं? केंद्राने तर नोव्हेंबर २०२० मध्येच निविदेच्या अनामतीऐवजी हमीपत्र घ्यायला सांगितलं होतं. मला कळलं पैसे गेल्यावर.

नमुन्याचे २५ नग, २८,७५० चे, गेटवर दिले. गेटवर माल देऊ नका. आत भांडारपालाकडे द्या, शिक्क्याची पोच घ्या, आणि आदेश आला की आधी त्या कार्यालयात जाऊन जावक नोंदवही बघा.

रुग्णालयातला बाबू म्हणाला, "पत्र आमचं नाहीच, मग आमचा काय संबंध?" तुमच्या नावाचा शिक्का फिरतोय, आणि संबंध नाही? पोलीस म्हणाले बँकेत जा. बँक म्हणाली एफआयआरची प्रत आणा. परत ठाण्यात, तर अंमलदार म्हणतो, "व्यापारी माणूस तुम्ही, तुम्हाला कळायला नको?" सायबरवाल्यांकडे तीन खेपा, तेव्हा कुठे अर्जावर शिक्का पडला. आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० नंबर आहे, पैसे गेल्या क्षणी लावा, लाजत बसू नका. मी दोन दिवस बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी कळलं, त्या भामट्याचं खातं गोठवलंय. शिल्लक ३१२ रुपये. तेही सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं.