एस्टीम-जिप्सीचं १.३ इंजिन बांधताना: फोर्ज्ड की कास्ट, महाग कुठे आणि साधं कुठे

एस्टीम किंवा जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं जी१३ मालिकेतलं इंजिन उघडून टेबलावर आलं, की खर्चाची यादी पिस्टनपासून सुरू होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लाइनर (सिलिंडरच्या भिंती). दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील, हिशोब हाच.

पिस्टन

टर्बो किंवा नायट्रस (जादा ताकदीच्या जोडण्या) लावायचं नसेल, तर चांगल्या कंपनीचे कास्ट (ओतीव) पिस्टन घ्या आणि उरलेले पैसे बोरिंग-होनिंगवर (सिलिंडर कापून, घासून मापात आणण्यावर) घाला. कास्ट पिस्टन तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीशी ०.०३ ते ०.०४ मि.मी. फटीत चालतो. फोर्ज्डमध्ये (ठोकून घडवलेल्या पिस्टनमध्ये) दोन जाती मिळतात. ४०३२ या मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, त्याला ०.०५ च्या आसपास फट पुरते. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं. तो नॉकिंगचा (अवेळी होणाऱ्या ज्वलनाचा) मार सोसतो, पण फुगतो भरपूर, म्हणून फट ०.०८ पर्यंत ठेवावी लागते. मग रोज सकाळी थंड इंजिनाची खटखट ऐका आणि तेलही जरा जास्त टाका. नागपूरच्या वर्धा रोडवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत २६१८ म्हणजे हौस. अंतिम फट मात्र पिस्टनसोबतच्या कागदावर असेल तीच धरायची.

बोअर मोठा करून ताकद वाढेल, या भ्रमात राहू नका. ७४.५ केल्यावर इंजिन १३१६ सीसीचं होतं. १८ सीसीसाठी लाइनर पातळ कशाला करायचा? सिलिंडर अंडाकृती झाला असेल किंवा ओरखडे खोल असतील तरच ओव्हरसाइज. आणि क्रम चुकवू नका: आधी पिस्टन हातात, मग बोरिंग. प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट (खालची बाजू) मायक्रोमीटरने मोजून, फट धरून त्याच्याच सिलिंडरला ते माप द्यायचं. '०.५० ओव्हरसाइज आहे' एवढ्या तोंडी मापावर बोअर करून देणाऱ्याकडे ब्लॉक सोडू नका. हिंगणा एमआयडीसीत असो की गल्लीत, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून होनिंग करतो का हे आधी विचारा. अॅल्युमिनियमचा ब्लॉक हेड बोल्टच्या ताणाने आकार बदलतो. प्लेट न लावता गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही.

चारही पिस्टनचं वजन इतवारीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर करून घ्या. दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर सेट परत.

रिंग

इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. साध्या इंजिनात वरच्या रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांतली फट) बोअरच्या प्रत्येक मि.मी.ला ०.००४, म्हणजे ७४ ला ०.३० मि.मी. टर्बोला ०.४५ च्या जवळ. पण मे महिन्यात ४५ अंशांत समृद्धी महामार्गावर तासन् तास १२० ने जायचं असेल, तर साध्या इंजिनातही ०.३३ ठेवा. शिवाय आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्याला साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. फुल थ्रॉटलवर जुना ईसीएम (इंजिनाचा संगणक) ते स्वतःहून देत नाही. मिश्रण पातळ, ज्वलन गरम, रिंग लांब. टोकं एकमेकांना भिडली की रिंगला जायला जागा उरत नाही आणि पिस्टनची लँड (रिंगच्या खाचांमधली कड) तुटते. थोडी जास्त गॅप परवडते, कमी परवडत नाही.

रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरळ ढकला, मग फीलर गेजच्या (मापाच्या पातळ पात्यांच्या) साह्याने गॅप मोजा. घासायची तर एकच बाजू, बाहेरून आत.

बेअरिंग

अॅल्युमिनियमचं दोन थरांचं बेअरिंग रोजच्या गाडीत जास्त टिकतं. तांबं-शिशाचं तीन थरांचं जास्त भार घेतं, बारीक कचरा मऊ थरात रुतवून घेतं, पण तो थर लवकर झिजतो. ट्रॅक किंवा रॅलीसाठीच तीन थर. ४५ मि.मी. जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) ०.०४५ मि.मी. फट हा ढोबळ अंदाज. ती प्लास्टिगेजने (दाबून मापायच्या मऊ धाग्याने) नाही, बोअर गेजने (आतला व्यास मोजायच्या डायलने) मोजलेली बरी. क्रँक ग्राइंड केला असेल तर जर्नलच्या कडेची गोलाई बोट फिरवून बघा. कोपरा टोकदार लागला तर क्रँक तिथूनच तुटणार.

बोल्ट

पिस्टनपेक्षा आधी पैसे इथे. लिमिटर (कमाल आरपीएमची मर्यादा) ६५०० वरून ७५०० वर नेला, तर रॉडवरचा (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावरचा) ओढा ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. मूळ लिमिटरवर नवे कंपनीचे बोल्ट पुरे. वर जायचं तर एआरपी कंपनीसारखे जास्त ताकदीचे, आणि ते बसवल्यावर रॉडचा बिग एंड (क्रँककडचं टोक) पुन्हा गोल करून घेणं आलंच. त्याशिवाय बोल्ट महाग असून उपयोग नाही. ब्लॉकमधली बंद भोकं हवेने साफ करा. आत तेल साचलं असेल तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकतो.

हेड गॅस्केट

स्टीलच्या थरांचं एमएलएस जास्त दाब झेलतं, पण त्याला १.३ मायक्रॉन आरएच्या (खडबडीतपणाच्या मापाच्या) आतला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. नेहमीच्या फेसिंगवर (हेड-ब्लॉक सपाट करण्यावर) ते झिरपतं. तसं फेसिंग करून देणारा मिळत नसेल, तर कॉम्पोझिटच घ्या.

ऑइल पंप, पिकअप नळीची ओ-रिंग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवे आणि कंपनीचेच. कडक झालेल्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढतो आणि नवं बेअरिंग खातो. इंधनाचे पाइप आणि इंजेक्टरचे सील ई२०ला चालणारे. लोकल चालतील ते माउंटिंगचे ब्रॅकेट, क्लिपा, होजचे क्लॅम्प. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट.

पहिलं तेल मिनरल, ५०० कि.मी.ला काढा. इंजिन नुसतं आयडलवर ठेवून रिंग बसत नाहीत, उलट भिंत चकाकते. हलक्या भाराने चढवा, उतरवा. काढलेला फिल्टर करवतीने कापा, कागद पिळून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारे बारीक कण पहिल्यांदा थोडे येतात. न चिकटणारी तांबूस चकाकी दिसली, तर नवं तेल न भरता ऑइल पॅन उतरवा.