पीईजी ४०००, अर्ध्या किलोची बाटली: वर्षभर वापरल्यानंतर

वर्षभरात या पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारा लांब साखळ्यांचा पॉलिमर) तीन बाटल्या संपवल्या, आता लिहायला हरकत नाही.

आम्ही प्रयोगशाळेत अननसाच्या सालीतून ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम काढतो. पाण्यात पीईजी आणि ट्रायसोडियम सायट्रेट पुरेसं घातलं की दोन थर पडतात, वर पीईजीचा आणि खाली सायट्रेटचा. दोन्हींत पाणी भरपूर, म्हणून एन्झाइम टिकतं. पण 'पुरेसं' म्हणजे किती, हे सांगतो बायनोडल वक्र, म्हणजे आलेखावरची (आडव्या अक्षावर सायट्रेट, उभ्यावर पीईजी) ती सीमा जिच्यापलीकडे दोन थर पडतात, आणि तो काढताना पीईजीचा खरा कस लागतो.

वॉटर बाथ २५ अंशांवर, फ्लास्कमध्ये पीईजीचं द्रावण, वरून थेंब थेंब सायट्रेट. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबासरशी सगळं दुधाळ! वजन करायचं, पाणी घालून पुन्हा नितळ करायचं, की परत थेंब. तिन्ही बाटल्यांचे बिंदू एकाच वक्रावर बसले, याचं मला फार अप्रूप आहे. कारण ४००० हा नुसता सरासरी रेणुभार. साखळ्या लांब निघाल्या तर कमी पॉलिमरमध्येच थर पडतात आणि अख्खा वक्र मूळबिंदूकडे सरकतो. पूर्वी दुसरीकडून माल घ्यायचो, तेव्हा दर लॉटला वक्र नव्याने काढावा लागायचा आणि टाय लाइन (वरच्या आणि खालच्या थरातली प्रमाणं जोडणाऱ्या रेषा) जुन्या आकड्यांशी जुळायच्या नाहीत.

तक्रार झाकणाची. पीईजी हवेतली ओल ओढतं आणि हे झाकण घट्ट बसत नाही. जुलैत वरच्या पापुद्र्यांचे गठ्ठे झाले. आता बाटली थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवते.

सोबत सायट्रेट घेणार असाल तर लेबलवर 'डायहायड्रेट' आहे का ते बघाच. त्यात २९४ ग्रॅममागे ३६ ग्रॅम पाणीच असतं, सव्वाबारा टक्के. ते वजा केलं नाही तर वक्र उगाच उजवीकडे गेलेला दिसतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा आठवडा यात गेला, आणि लेबलवर तो शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत होता.

पाचपैकी चार तारे, एक झाकणापायी कापला. काल १८ टक्के पीईजी आणि १५ टक्के सायट्रेटची नळी रात्रभर बाथमध्ये ठेवली होती. सकाळी दोन्ही थर काचेसारखे नितळ होते, मधली रेघ पट्टीने आखावी तशी.