ठाण्याहून न्यूयॉर्क: थेट विमान की एक थांबा?

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईमार्गे ते १२,९५० च्या आसपास जातं, लंडनमार्गे जेमतेम १२,७५०. भिंतीवरच्या नकाशात लंडन म्हणजे वाकडी वाट वाटते, पण पृथ्वी गोल, त्यामुळे ते जवळपास वाटेवरच पडतं. तेव्हा किलोमीटर मोजत बसू नका. वेळ खातो तो थांबा.

घराच्या दारापासून धरू. ठाण्यातून पूर्व द्रुतगती मार्ग, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पकडून सहारचं टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २: रात्री तासभर, संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दोन तास हाताशी हवेतच. विमानतळावर तीन तास आधी. थेट विमानाचे साधारण १६ तास आणि उतरल्यावर इमिग्रेशन-बॅगांचा दीड तास धरला, की रात्रीच्या हिशेबाने साडेएकवीस तास. दुबईमार्गे सव्वातीन तास, मध्ये तीन तास थांबा, पुढे चौदा, घरापासूनचं बाकी सगळं तेवढंच धरून एकूण पावणेसव्वीस. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे तास-दोन तास वाचतात.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात रात्री १ ला निघून सकाळी ७:३० ला पोहोच दिसली तर प्रवास साडेसहा तासांचा नव्हे, सोळाचा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. असा वळसा पडला की थेट विमानाची वेळ वाढते, म्हणून जुन्या आकड्यांपेक्षा तिकिटावरचा एकूण कालावधी बघा. आखाती मार्गही बिनघोर नाही: जून २०२५ मध्ये कतारचं आकाश काही तास बंद होतं.

थांब्याचं तिकीट घ्यायचंच तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसरं चुकतं आणि भरपाई कुणीच देत नाही. दीड तासाचा थांबा कागदावर चालतो. तीन तासांचा खऱ्या आयुष्यात. मधे पुन्हा तपासणी होते, तिथे हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी हमखास जाते. ती चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून, दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र त्या रांगेसाठी थांबा थोडा मोठाच घ्या.

पहिल्यांदाच एकटे निघालेल्या आईवडिलांना आम्ही थेट विमानच सुचवू, भाडं जास्त पडलं तरी. व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवा. थेट विमानात ती दोनदाच लागते, निघताना आणि उतरल्यावर. थांब्यावर मात्र विमानातून उतरवून एका कोपऱ्यात बसवतात आणि पुढचा माणूस येईपर्यंत वाट बघावी लागते. जवळ पाण्याची रिकामी बाटली आणि औषधांची डबी असू द्या.